टर्कीनंतरचे दिवस

गर्दची शेवटची पुडी ओढून आठ-दहा तास उलटले की अंगात चुळबुळ सुरू होते. आधी जांभया येतात, एकामागून एक, डोळ्यांत झोपेचा मागमूस नसताना. मग नाक गळू लागतं, डोळ्यांना पाण्याची धार लागते. अंगावर काटा येतो, पोटात मुरडा पडतो, पायांत अशी कळ उठते की माणूस रात्रभर गादीवर टाचा आपटत राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं कळसाला पोहोचतं. उलट्या, जुलाब, घाम, आणि छताकडे टक्क उघडे डोळे. मुंबई-पुण्याकडच्या गर्दुल्ल्यांच्या बोलीत याला ‘टर्की’ म्हणतात. टर्की चुकवण्यासाठी पोरगा आईच्या डब्यातले पैसे उचलतो, घरातला सिलिंडर विकतो आणि वर स्वतःच चोर शोधायला घरच्यांबरोबर फिरतो.

पण ही टर्की फार दिवस टिकत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी उतार पडतो आणि आठवडा-दहा दिवसांत शरीर बऱ्यापैकी ताळ्यावर येतं. डॉक्टरांनी योग्य औषधं दिली तर त्रास आणखी कमी होतो. एरवी धडधाकट असलेला माणूस गर्दच्या टर्कीने सहसा मरत नाही. दारूच्या टर्कीने मात्र मरू शकतो, आणि हे फारच थोड्या घरांना ठाऊक असतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने देवासमोर शपथ घेऊन एका रात्रीत दारू बंद केली, तर पुढच्या दोन-चार दिवसांत त्याला फिट्स येऊ शकतात, भास होतात, ताप चढतो. अशी दारू डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडायची असते.

म्हणजे विष अंगाबाहेर पडायला दहा दिवस पुरतात. मग तोच मुलगा तीन महिन्यांनी पुन्हा त्याच दारात का उभा असतो? घरचे म्हणतात, मनाचा कच्चा. शेजारी म्हणतात, वाया गेलेला. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या संशोधनाने या प्रश्नाची जी उत्तरं शोधली, ती मनाच्या कच्चेपणाशी फारशी जुळत नाहीत.

मुंबईत गर्द आलं ते 1980च्या सुमाराला. शहराला नशा नवी होती असं नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि मुंबईची श्रीमंती बऱ्याच अंशी त्या पेट्यांवर वाढली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाबरोबर अफूचाही वाटा होता आणि त्याच संपत्तीच्या दानातून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. हेरॉइनची जन्मकथाही अशीच औषधालयातली आहे. मॉर्फिनपासून ते पहिल्यांदा बनलं 1874 साली लंडनमध्ये. 1898 साली बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्यावरचं औषध म्हणून विकायला काढलं. गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणजे याच हेरॉइनचं अशुद्ध, तपकिरी, भेसळीचं रूप. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर ती पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि वर येणारा धूर नोटेच्या नळीने ओढून घ्यायचा. सुई लागत नाही, त्यामुळे पहिल्यांदा ओढणाऱ्याला आपण काही भयंकर करतोय असं वाटतही नाही.

1979 साली इराणमध्ये क्रांती झाली आणि वर्षअखेरीला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अफगाण-पाकिस्तान सरहद्दीवरच्या हेरॉइनला युरोपकडे जाण्याचे जुने रस्ते अवघड झाले, तेव्हा त्यातला काही माल भारतातून, मुंबईच्या बंदरातून आणि विमानतळावरून जाऊ लागला. माल ज्या वाटेने जातो त्या वाटेवर तो सांडतोच. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातला पगार थांबला आणि लालबाग-परळच्या नाक्यांवर बिनकामाची तरुण पोरं वाढली. संपामुळे गर्द पसरलं असं म्हणणं फार ढोबळ होईल. कफ परेडच्या फ्लॅटमधली मुलंही ते ओढत होती. पण रिकामा दिवस, स्वस्त पुडी आणि शेजारी बसलेला ओढणारा मित्र या तिन्ही गोष्टी एकाच नाक्यावर जमल्या की काय होतं, ते त्या दशकाने पाहिलं. अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, 14 नोव्हेंबर 1985 रोजी लागू झाला; तोवर गर्द मुंबईबाहेर, पुण्यापर्यंत पोहोचलं होतं.

पुण्यात पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लेखमाला लिहिली. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. त्यातून 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता 1997 साली कर्करोगाने गेल्या, अनिल अवचट 2022 साली. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं. इथला निवासी उपचार 35 दिवसांचा. टर्की दहा दिवसांत संपत असेल तर उरलेले पंचवीस दिवस कशासाठी, हा प्रश्न फी भरायला आलेल्या बापाला पडतोच. खरं काम मात्र त्याच पंचवीस दिवसांत होतं.

ते का, हे समजायला व्हिएतनामपर्यंत जावं लागेल.

1971 साली अमेरिकेत एक घबराट पसरली होती. व्हिएतनाममधले अमेरिकन जवान मोठ्या संख्येने हेरॉइन ओढत आहेत अशा बातम्या आल्या. त्या वर्षी जूनमध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. हे हजारो व्यसनी सैनिक मायदेशी परतले तर गावोगाव काय होईल, ही खरी धास्ती होती. परतीच्या विमानात बसण्याआधी प्रत्येकाची लघवी तपासायची, नशा सापडली तर आधी ती उतरवायची आणि मगच घरी सोडायचं, असा हुकूम निघाला. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधक ली रॉबिन्स यांना सरकारने या परतलेल्या जवानांच्या मागावर राहायला सांगितलं. सप्टेंबर 1971 मध्ये परतलेल्या जवानांमधून त्यांनी नमुना निवडला. व्हिएतनाममध्ये जवळपास निम्म्या जणांनी अफूजन्य पदार्थ चाखून पाहिले होते आणि सुमारे 20 टक्के चक्क व्यसनी झाले होते.

घरी आल्यावर पहिल्या वर्षात या व्यसनींपैकी पुन्हा व्यसनात अडकले अवघे 5 टक्के. तीन वर्षांचा हिशेब केला तरी 12 टक्के. त्यातही गंमत अशी की जवळपास निम्म्या जणांनी परतल्यावर कधी ना कधी पुन्हा ओढूनही पाहिलं होतं. तरी बहुतेक जण त्यात रुतले नाहीत. रॉबिन्स यांचे आकडे पाहून अनेकांनी डोळे चोळले. काहींना ते खोटे वाटले. एकदा हेरॉइन, कायमचं हेरॉइन, असंच तोवर मानलं जात होतं.

या आकड्यांवरून हेरॉइन निरुपद्रवी ठरत नाही. या जवानांनी ते ओढलं होतं दलदलीत, बराकीत, मरणाच्या सावलीत, पुडी सहज मिळत असताना. घरी ती बराक नव्हती, ते दोस्त नव्हते आणि विकणाराही नव्हता. त्यांची नशा सुटली आणि त्याच वेळी जागाही सुटली. येरवड्यातून किंवा आणखी कुठून बरा होऊन निघालेला आपला मुलगा मात्र रिक्षाने थेट त्याच गल्लीत उतरतो.

जागेचा हा हिशेब शरीर स्वतंत्रपणे ठेवतं, हे कॅनडातल्या शेपर्ड सिगल यांनी उंदरांवर दाखवलं. 1982 सालचा हा प्रयोग जरा अंगावर येणारा आहे. उंदरांना काही दिवस हेरॉइनचे वाढते डोस देऊन त्यांची सवय लावली. मग सगळ्यांना एक मोठा डोस दिला. काहींना नेहमीच्या खोलीत, काहींना अनोळखी खोलीत. नेहमीच्या खोलीतले 32 टक्के मेले, अनोळखी खोलीतले 64 टक्के. औषध तेच, मात्रा तीच, सरावही तेवढाच. फरक फक्त खोलीचा. ओळखीची खोली दिसताच उंदराचं शरीर येऊ घातलेल्या नशेच्या उलट्या दिशेने आधीच कंबर कसतं आणि तो तगतो. खोली बदलली की ही तयारी होत नाही. माणसाच्या बाबतीत या तयारीची दुसरी बाजू जास्त छळते. पुडी नाहीच, पण जागा आली, तर शरीराची तयारी सुरू होते आणि ती तयारी म्हणजेच छोटीशी टर्की. जांभई, पोटात गोळा, कोरडा घसा. चार महिने स्वच्छ राहिलेला माणूस लोकलमधून ओळखीच्या स्टेशनावर उतरतो आणि जिन्याखालचा तो कोपरा दिसताच त्याच्या पोटात कळ येते. त्याला वाटतं आपण अजून बरे झालोच नाही. घरच्यांना वाटतं हा नाटक करतोय.

मेंदूत याचा दुसरा धागा आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्त्झ यांनी 1990च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली. माकडाला अवचित फळांचा रस मिळाला की पेशी फडफडत. रसाच्या आधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी पेशी दिव्यालाच फडफडू लागल्या. रस आला तरी ढिम्म. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही शांत पडत. डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, त्यात हा अर्धा भाग निसटतो. ते रसायन सुखापेक्षा सुखाच्या चाहुलीशी जास्त बांधलेलं आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, गुंडाळलेली नोट, पगाराची तारीख, मोबाइलवर दिसलेलं एक नाव हे सगळे माणसाच्या डोक्यातले दिवे. तलफ येते ती या दिव्यांनी. म्हणून जुने व्यसनी सांगतात की शेवटी शेवटी ओढण्यात मजा उरली नव्हती, तरी ओढल्याशिवाय राहवत नव्हतं. ऐकणाऱ्याला हे कांगावा वाटतं. माकडाच्या नोंदी पाहिल्या तर त्यात खोटं काही नाही.

आता त्या पंचवीस दिवसांकडे. मुक्तांगणमध्ये दिवस ठरलेल्या वेळेला सुरू होतो, ठरलेल्या वेळेला संपतो. व्यायाम, योगासनं, साफसफाई, गटचर्चा, समुपदेशकाशी एकट्याचं बोलणं. बाहेरून पाहणाऱ्याला हे शिबिरासारखं वाटतं आणि इतक्या पैशांत नुसता झाडू मारायला लावला अशी तक्रार होते. पण ज्या माणसाचे सगळे तास पुडी मिळवणं, ओढणं आणि पुढची जमवणं यात गेले, त्याला दुपारी तीन ते सहा या वेळेचं काय करायचं हेच आठवत नसतं. ते पुन्हा शिकावं लागतं. गटात बसल्यावर जो माणूस समोरून प्रश्न विचारतो, तो बरेचदा स्वतःच कधीकाळी तिथे पेशंट म्हणून आलेला असतो. त्याला फसवणं अवघड. सगळ्या सबबी त्याने स्वतः वापरून झालेल्या असतात. ‘मित्राने जबरदस्ती केली’ या वाक्यावर डॉक्टर मान डोलावेल, हा हसतो.

दारुड्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेने 1935 पासून हीच रीत चालवली आहे आणि महाराष्ट्रात तिच्या सभा मराठीतूनही भरतात. त्यांनी एक व्यावहारिक यादी रूढ केली: भूक, राग, एकटेपणा, थकवा. तलफ आली की आधी यातलं काय आहे ते पाहायचं. उपाशी असशील तर जेव. आयुष्यभर पिणार नाही अशी भीष्मप्रतिज्ञा तिथे कुणी घेत नाही, आजचा दिवस पिणार नाही एवढंच म्हणतात. आणि नशेविना वर्ष पुरं झालं की वाढदिवस साजरा होतो. पन्नाशीच्या गृहस्थाचा तिसरा वाढदिवस, टाळ्या वाजवायला बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, असं दृश्य बाहेरच्याला विनोदी वाटेल. तिथे कुणालाही वाटत नाही.

व्यसनी माणसाइतकंच घराचं वागणंही बदललेलं असतं, आणि याकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. नवरा पिऊन पडला की बायको त्याच्या साहेबाला फोन करून ‘ताप आलाय’ सांगते. बाप उधारी फेडतो, अब्रू जाईल म्हणून. आई रात्री ताट झाकून ठेवते आणि हळूच शंभराची नोटही देते, कारण पोराचे हाल बघवत नाहीत. यातलं प्रत्येक कृत्य मायेचं आहे आणि प्रत्येकाने व्यसनाला एकेक दिवस जास्त मिळतो. उलट टोकाला घर पोलीस होतं: खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, दर दहा मिनिटांनी फोन. सोडून सहा महिने झाले तरी हे थांबत नाही. मग ‘नाहीतरी संशय घेतातच’ म्हणत तो पुन्हा नाक्यावर जातो. मुक्तांगणने बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला तो यासाठीच. नवऱ्याचं व्यसन सुटलं तरी रात्री दार वाजलं की छातीत धस्स होणं आपोआप सुटत नाही. बायकांच्या स्वतःच्या व्यसनाची गोष्ट तर आणखी झाकलेली. पुरुषाला निदान घरचे उपचाराला घेऊन येतात. बाईला बरेचदा माहेरी पोचवतात. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग 2009 साली सुरू झाला.

गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलं आहे, ते एमडीमुळे. मेफेड्रोन हे त्याचं पूर्ण नाव. मुंबईत ‘म्याव म्याव’ म्हणूनही ते खपलं. 1929 साली पहिल्यांदा तयार झालेलं आणि मग विसरलं गेलेलं हे रसायन 2000 नंतर युरोपातल्या पार्ट्यांमध्ये उगवलं, ब्रिटनने 2010 साली त्यावर बंदी घातली. आपल्याकडे एनडीपीएस कायद्याच्या यादीत ते आलं फेब्रुवारी 2015 मध्ये. तोवर पोलीस पकडून करणार काय, हा प्रश्नच होता. आणि हे रसायन सीमेपलीकडून यावं लागत नाही. ते औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात बनतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यावर छापा घातला. त्या प्रकरणात वेगवेगळ्या ठिकाणी मिळून हजार किलोंहून जास्त एमडी सापडलं. अफगाणिस्तानातल्या शेताचा आणि त्याचा काही संबंध नाही.

एमडीला गर्दसारखी टर्की नाही, हीच त्याची फसवी बाजू. नाकातून ओढलं की उत्साह, बडबड, आत्मविश्वास. भूक मरते, झोप उडते. परीक्षेसाठी, नाइट शिफ्टसाठी, वजन कमी करण्यासाठी असली कारणं मुलं स्वतःलाच देतात. दोन-दोन रात्री जागून झाल्यावर माणूस कोसळतो आणि दोन दिवस झोपतो. उठल्यावर सगळं बेचव, सगळं काळं. पाय आपटत नाही, उलट्या होत नाहीत. त्यामुळे ‘मला कुठे लागलंय? मी कधीही सोडू शकतो’ हे वाक्य तो मनापासून बोलतो. घरच्यांना दिसतं ते वागणं: दात करकर चावणं, दार लावून बसणं, क्षुल्लक गोष्टीवर भडकणं, आणि पुढे पुढे संशय. खिडकीखाली उभा असलेला माणूस आपल्यावर पाळत ठेवतोय, आईने जेवणात काहीतरी घातलंय. हे वेड अनेकदा नशा थांबवून, झोप आणि औषधं मिळून उतरतं, पण वेळेवर मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं तर. बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात जे आठवडे जातात, ते महागात पडतात. अफूजन्य व्यसनावर जशी बदली औषधं आहेत, तशी एमडीवर नाहीत. समुपदेशन, दिनक्रम आणि जागा-माणसं बदलणं एवढ्यावरच भिस्त.

कोवळ्या वयात हे सगळं दुप्पट अवघड, कारण आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो आणि चाहुलीला फडफडणारा भाग त्याच्या कितीतरी आधी जोरात असतो.

रेल्वे फलाटावरची मुलं एमडीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांना परवडत नाही. त्यांच्या हातात पंक्चर काढायचं सोल्युशन असतं. रुमालाच्या बोळ्यावर ओतायचं, मुठीत धरून नाकातोंडाला लावायचं. भूक कळत नाही, थंडी कळत नाही. ही नशा एनडीपीएस कायद्यात बसत नाही; मुलांना नशेच्या वस्तू देणाऱ्याला शिक्षा आहे ती बाल न्याय कायद्याखाली. दिल्लीच्या एम्समधल्या व्यसनोपचार केंद्राने देशभर सर्वेक्षण करून 2019 साली जे आकडे मांडले, त्यात हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त: दहा ते सतरा वयात 1.17 टक्के, मोठ्यांत 0.6 टक्क्यांच्या आत.

त्याच सर्वेक्षणात देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आणि अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे 2 कोटी 26 लाख. छाप्यांच्या बातम्या गर्द-एमडीच्या, घरं बुडतात मुख्यतः दारूत. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकाला कसलेतरी उपचार मिळतात, असाही हिशेब त्यात होता. उरलेल्या 37 जणांसाठी एसटी स्टँडच्या भिंती आहेत: ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’. अशा जाहिरातीतल्या पुडीत काय असतं हे कुणी सांगत नाही. त्यात डायसल्फिरम असेल, तर धोका खरा आहे. 1940च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये दारूवरच्या उपचारासाठी हाती आलेलं हे औषध दारूचं पचन मध्येच अडवतं. वर दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. जाणूनबुजून गोळी घेणारा माणूस दारूपासून लांब राहतो. आमटीतून ती ज्याच्या पोटात गेली, तो नेहमीसारखा गुत्त्यावर जातो आणि त्याच्या जिवावर बेतू शकतं. काही केंद्रांमधून मारहाणीच्या, कोंडून ठेवल्याच्या तक्रारीही येतात. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि त्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे. दाखल करण्याआधी नोंदणीचा कागद मागायला लाजायचं कारण नाही.

बारा महिने स्वच्छ राहून पुन्हा प्यायलेल्या माणसाकडे घर ‘सगळं पाण्यात गेलं’ अशा नजरेने पाहतं. 2000 साली अमेरिकी वैद्यकांच्या ‘जामा’ या नियतकालिकात टॉमस मॅकलेलन आणि सहकाऱ्यांनी व्यसनाची तुलना दमा, मधुमेह आणि रक्तदाब यांच्याशी केली. उपचारानंतर वर्षभरात 40 ते 60 टक्के व्यसनी पुन्हा नशेकडे वळतात. दमा आणि रक्तदाबाच्या पेशंटमध्येही औषध-पथ्य सुटून दुखणं उलटण्याचं प्रमाण तितकंच किंवा त्याहून जास्त. साखर पुन्हा वाढली म्हणून मधुमेह्याला कुणी घराबाहेर काढत नाही. गर्दच्या बाबतीत मात्र ही घसरण जिवावरची असू शकते. महिनाभर नशा बंद राहिली की शरीराचा सराव उतरलेला असतो आणि माणूस जुन्याच मात्रेने ओढायला किंवा टोचायला जातो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

टोचून घेणाऱ्यांसाठी सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ब्युप्रेनॉर्फिन ही बदली गोळी दिली जाते, मुंबईतही दिली जाते. जिभेखाली ठेवायची, कर्मचाऱ्यासमोर विरघळू द्यायची. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ अशी कुरकुर यावर नेहमी होते, पुष्कळदा व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांकडूनही. पण या गोळीने तलफ आणि टर्की दोन्ही आवरतात, सुई सुटते आणि तिच्याबरोबर एचआयव्हीची भीतीही. मुख्य म्हणजे पुडीमागे जाणारा अख्खा दिवस मोकळा होतो. थोड्या मात्रेसह पकडला गेलेला किंवा स्वतःच्या वापरापुरता सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल, तर एनडीपीएसच्या 64ए कलमाखाली त्याच्यावरचा खटला टळू शकतो, हेही फार थोड्या जणांना माहीत असतं. वकिलालासुद्धा कधी कधी आठवण करून द्यावी लागते. चौकशीसाठी केंद्र सरकारचा 14446 हा क्रमांक आहे. नाहीतर जवळच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. तिथे केसपेपर काढायचा, आणि शक्यतो घरातल्या एका माणसाने बरोबर जायचं, कारण डॉक्टर अर्धे प्रश्न त्यालाच विचारतात.